जप्त केलेली फांदी

दिल्लीत नंबरावरून पत्ता कोणालाच सापडत नाही. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा ब्लॉक होता, नंबर होता, दारावर बाबांच्या नावाची पाटीसुद्धा होती. पण ऑटोवाल्याला सांगायचं एवढंच, "बड़वाला मोड़." बड़ म्हणजे वड. तो आमच्या तळमजल्याच्या खिडकीसमोर, वळणावर, निम्मा रस्त्यात घुसून उभा होता. त्याच्याखाली बस थांबायची, भुट्टेवाला बसायचा, सरोजिनी नगरच्या बाजारातून पिशव्या ओढत आलेल्या बायका तिथे दम खायच्या. तो जाऊनही आता वीसेक वर्षं झाली असतील. परवा गुरुग्रामहून आईला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन चालले होते, तर कॅबवाल्याने विचारलं, "मैडम, बड़वाले मोड़ से ले लूँ?" आई मागच्या सीटवर फिस्सकन हसली. मला नाही हसू आलं. वड पडला तो रविवार आठवला की आधी अजूनही भीती वाटते, मग हसू येतं, आणि मग बाबा आता नाहीत हे आठवून जीव कासावीस होतो. मी मुळातच स्वस्थ बसणारी बाई नाही, त्यात हे. म्हटलं, एकदा लिहून मोकळं व्हावं.

बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. त्यांचं आणि वडाचं हाडवैर. वडाची मुळं आमच्या ड्रेनेजच्या पाइपात शिरायची आणि पाऊस लागला की मोरीतलं पाणी उलटं घरात. वटवाघळं वेगळीच. शिवाय बाबांच्या स्कूटरच्या सीटवर रोज सकाळी कावळ्यांची मेहेरबानी. बाबा फडकं घेऊन सीट पुसायचे आणि सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "एक दिन मैं ही इसको काट डालूँगा!" हे हिंदीत, कारण लोकांवर ओरडायचं तर हिंदीत. आईशी भांडायचं असलं की मराठी.

आणखी एक. बाबा देव मानत नसत. नुसते मानत नसत असं नाही, न मानण्याचा त्यांना भारी उत्साह होता. आई उपास करायची, आणि बाबा साबुदाण्याची खिचडी तिच्यापेक्षा जास्त खाऊन वर उपासाची टिंगल करायचे. त्यातही त्यांचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे वटपौर्णिमा. इथल्या उत्तरेकडच्या बायका वटसावित्री अमावस्येला करतात, आणि आपल्या बायका त्यानंतर पंधरा दिवसांनी पौर्णिमेला. त्यामुळे त्या एका वडाला दर उन्हाळ्यात दोन वेळा सूत गुंडाळलं जायचं. पौर्णिमेला आमच्या कॉलनीतल्या मराठी बायका ताटं घेऊन जमायच्या. त्यांच्यात एक अहमदनगरच्या ख्रिश्चन मावशी होत्या. त्या पूजा करायच्या नाहीत, पण सगळ्यांच्या चपला सांभाळायच्या आणि प्रसादाच्या फणसावर पहिला हक्क सांगायच्या. बाबा खिडकीतून हा सगळा सोहळा बघत चहा प्यायचे आणि दरवर्षी तेच म्हणायचे, "सात जन्म हाच नवरा म्हणून गुंडाळतायत तिकडे. मला कोणी विचारलंय का?"

त्या वर्षी महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमानंतर मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. बाबांना माणसं मिळाली की चेव यायचा. त्यांनी श्रीखंड खाता खाता तोच विनोद केला. आई समोरच्या पंगतीत होती. ती म्हणाली, "बरं, आज विचारते. सगळ्यांसमोर विचारते. हवी आहे का मी पुढच्या जन्मी?"

आई थट्टेच्या सुरात बोलली होती, पण मी तिची मुलगी आहे, मला तो सूर कळतो. बाबांना कळायला हवा होता. त्यांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "विचार करून सांगतो. आधी फाइल पुट अप कर."

सगळे खो खो हसले. सगळेच सरकारी नोकरीतले, रोज मंजुरीसाठी साहेबापुढे फाइली ठेवणारे, त्यांना हा विनोद फारच आवडला. आईसुद्धा हसली, आणि घरी आल्यावर तिच्या तोंडाला कुलूप लागलं. म्हणजे बोलायची, पण माझ्यामार्फत. "तुझ्या बाबांना सांग, गॅस संपलाय." बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे! मी तेव्हा कॉलेजात होते, मला स्वतःचे उद्योग होते, आणि दिवसभर ह्या दोघांची पोस्टमन. डोकं फिरायचं माझं. जूनमध्ये मावशी विचारायला आल्या, ह्या वेळी पूजेला किती वाजता जमायचं म्हणून, तर आई बाहेरच्या खोलीत मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "मी नाही येणार. गुडघा सुजलाय. आणि एक जन्म झाला तेवढा पुरे आहे."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही. बराच वेळ तेच पान धरून बसले होते.

पौर्णिमा रविवारी होती. शनिवारी संध्याकाळी आंधी आली. दिल्लीची आंधी म्हणजे आकाश पिवळं होतं, दारं-खिडक्या आपटतात आणि दातांखाली वाळू येते. वीज गेली, आम्ही कडीकोयंडे लावून गुपचूप झोपलो. सकाळी उठून खिडकी उघडली तर माझ्या तोंडावर ऊन आलं. त्या खिडकीतून मी जन्मात कधी ऊन बघितलं नव्हतं. मला आधी कळेचना की वेगळं काय आहे. आणि मग रस्त्यावर आडवा पडलेला वड दिसला.

मी तशीच चपला सरकवून धावले. अर्धी कॉलनी तिथे गोळा झाली होती. लोक म्हणत होते, आंधीने पडला. मग कोणीतरी खोडाकडे बोट दाखवलं. एका बाजूने खोड फाटलं होतं, तंतू बाहेर आलेले. पण दुसऱ्या बाजूने ते चक्क कापलं होतं, पार मध्यापर्यंत, सपाट. भुसा ओला होऊन मातीला चिकटला होता. कोणीतरी मोठी करवत चालवली होती आणि उरलेलं काम वाऱ्यावर सोडलं होतं. आंधीच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार! वडाशी आमचं जुनं भांडण असलं तरी ते आमचं होतं. परक्याने येऊन असं करायचं म्हणजे काय?

जवळच्या चौकीतला सब-इन्स्पेक्टर आला होता, हरियाणाचा, आडव्या बांध्याचा, घामाने निथळणारा. त्याने खोडाभोवती दोरी बांधायला लावली. तेवढ्यात आमच्या मराठी बायका आल्या. काठापदराच्या साड्या, नाकात नथी, हातात ताटं, ताटांत आंबे, फणसाचे गरे, हळदकुंकू, सुताच्या गुंड्या. आणि समोर वड आडवा. एकजण रडायलाच लागली. सब-इन्स्पेक्टरने हात जोडले आणि म्हणाला, "बहनजी, अब क्या पूजा. ये तो गया. घर जाइए." त्या मुकाट्याने मागे फिरल्या.

दहा वाजेपर्यंत तमाशा वाढला. कॉलेजची पोरं बोर्ड घेऊन आली. एका चॅनेलची गाडी आली. कोणीतरी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की हे झाड म्हणजे ह्या भागाची ओळख होती, झाड तोडणं हा गुन्हा आहे, गुन्हेगाराला आजच्या आज पकडा. सब-इन्स्पेक्टरला वरून फोनावर फोन येत होते, तो प्रत्येक फोनला "जी सर" म्हणत जागच्या जागी ताठ व्हायचा. मग तो घरोघर विचारत फिरायला लागला, झाडाचं कोणाशी वाकडं होतं का? आता ह्या प्रश्नाला आमच्या ब्लॉकमध्ये एकच उत्तर होतं. आमच्या वर राहणारी पंजाबी आंटी जिवाभावाची बाई, पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिने सांगून टाकलं, "कल शाम को, आँधी से पहले, नीचेवाले भाईसाहब पेड़ के पास स्टूल पे चढ़े थे. हाथ में आरी थी."

आमच्या दाराची बेल वाजली तेव्हा मी पोहे केले होते आणि आईने त्यांना हात लावला नव्हता. मला वाटलं, रागाने. सब-इन्स्पेक्टर आत आला, बसला नाही, सरळ मागच्या बाल्कनीत गेला. तिथे कपडे धुवायच्या जागेशी निळ्या बादलीत वडाची फांदी उभी होती. चांगली मनगटाएवढी, पानांनी भरलेली. मी ती तोपर्यंत बघितलीही नव्हती.

"ये क्या है?"

बाबांनी आईकडे बघितलं. आई भिंतीकडे बघत होती. बाबा म्हणाले, "आंधी में गिरी होगी. मैंने उठाकर रख दी."

सब-इन्स्पेक्टरने फांदी उचलून तिचं टोक बघितलं. सुरीने लोणी कापावं तसं सरळ कापलेलं होतं. आरी, म्हणजे आमची घरातली छोटी हातकरवत, बादलीमागेच पडली होती. मी मध्ये बोलले, मला राहवेना. "अहो, ह्या आरीने तो वड? ह्या आरीने घरात सुरण कापला जात नाही!" हे मी रागाच्या भरात मराठीतच बोलले, मग हिंदीत पुन्हा बोलले. तो शांतपणे म्हणाला, "बेटा, आदमी लगाए जाते हैं. निशान लगानेवाला घर का ही होता है. और इन्होंने अभी झूठ बोला." त्यात त्याचं चुकत नव्हतं. बाबा खोटं बोलले होते आणि तेही इतकं रद्दड. फांदीला कागदाची चिठ्ठी बांधून ती जप्त झाली. तिच्यामागून बाबा गेले, बुशशर्टाची बटणं लावत. मला आठवतंय, वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं आणि मला दारातून धावत जाऊन ते नीट करावंसं वाटत होतं.

सरकारी घरातल्या पोराला एक नियम पाळण्यात असल्यापासून ठाऊक असतो. माणूस दोन दिवस कोठडीत राहिला की आपोआप सस्पेंड. मग चौकशी, मग प्रमोशन अडकलं, पेन्शनला टांग, क्वार्टर रिकामं करा. बाबांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. पुण्यात आमचं घर नव्हतं, दिल्लीत नव्हतं, कुठेच नव्हतं. रविवार, म्हणजे कोर्ट सोमवारी. मी बाहेरच्या खोलीतून आत आणि आतून बाहेर येरझाऱ्या घालत होते. आई आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर आली तर अंगावर हिरवी काठापदराची साडी, केसांत मोगरा नसला तरी वेणी नीट घातलेली. माझं टाळकंच सटकलं.

"अगं, चौकीत चाललोय आपण, लग्नाला नाही!"

"चल," ती म्हणाली. "ऑटो बघ. मला चालवत नाही."

चौकी म्हणजे दोन खोल्या आणि पुढे फरशीचं अंगण, अंगणात पाणी नसलेला कूलर. बाबा बाकावर बसले होते. गुडघ्यांवर हात ठेवून, ऑफिसात साहेबाने आत बोलवायची वाट बघत बसावं तसे. फांदी कोपऱ्यात, चिठ्ठीसकट, बादलीतच होती. एवढं बरं की कोणीतरी पाणी ठेवलं होतं. सब-इन्स्पेक्टरने आईला खुर्ची दिली आणि थेट विचारलं, "मैडम, आपके साहब ने बयान बदल दिया है. अब कहते हैं, डाली आपकी वट सावित्री के लिए काटी. आपने मँगवाई थी?"

हो म्हण, मी मनात ओरडत होते. अगं हो म्हण, काय जातंय तुझं! मी तिच्या खांद्याला चिमटासुद्धा काढला.

"नहीं," आई म्हणाली. "मैंने नहीं मँगवाई. मैं तो इस साल पूजा करनेवाली नहीं थी. सबको बताया था."

आईचं हे असं. खरं बोलायचं म्हणजे बोलायचंच, मग घर बुडो. सब-इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं आणि बाबांकडे बघितलं. "देखा? अब बोलिए. जब बीवी ने माँगी नहीं तो काटी किसके लिए?"

एरवी ज्या माणसाचं तोंड बंद व्हायचं नाही, तो त्या बाकावर बसून आपल्याच बोटांकडे बघत होता. मला एक क्षणभर, खरं सांगते, शंका आली. रोज तर ओरडत होते, काट डालूँगा, काट डालूँगा. कोणाला सांगून तर बसले नाहीत ना?

मग बाबा बोलले. त्यांचं हिंदी कायम मराठी वळणाचं, तीस वर्षं दिल्लीत काढूनही. म्हणाले, "उसने मेरे को पूछा था. सबके सामने पूछा था, अगले जनम में मैं चाहिए क्या. मैंने मज़ाक किया. जवाब नहीं दिया. फिर वो बोली, इस साल पूजा नहीं करूँगी, एक जनम बस हो गया." ते थांबले. "मैं ये सब मानता नहीं. लेकिन वो नहीं करेगी बोली, तो मेरे को रात को नींद नहीं आई. इसलिए डाली लाया. पैर दुखता है उसका, घर में कर लेगी, ऐसा सोचा. बादली में रख दी. बोलने को नहीं हुआ."

मी आईकडे बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

सब-इन्स्पेक्टर मात्र खुर्चीत मागे रेलला. "कहानी अच्छी है, बड़े बाबू. बस एक बात. वट सावित्री अमावस को निकल गई. पंद्रह दिन हो गए. मेरी घरवाली ने खुद की थी, छुट्टी ली थी मैंने. अब कौन सी पूजा?" आणि त्याने दारातल्या कॉन्स्टेबलला विचारलं, त्यानेही मान हलवली, हो, कधीच झाली. मी घाईघाईने सांगायला लागले की आमचं कॅलेंडर वेगळं, आमच्याकडे पौर्णिमेला असते. त्याने हाताने थांबवलं. "बेटा, भगवान का त्योहार एक होता है. हर आरोपी का अपना त्योहार नहीं होता." चिडून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी एवढं काळीज काढून टेबलावर ठेवलं आणि ह्या माणसाला ते तारखेवरून खोटं वाटत होतं.

तसा माणूस वाईट नव्हता. त्याने आमच्यासाठी चहा आणि समोसे मागवले होते, ते आले. आईपुढे बशी सरकवली. आई म्हणाली, "चाय चलेगी. समोसा नहीं. मेरा उपवास है."

बाबांनी झटकन मान वर केली.

"किस चीज़ का उपवास?" सब-इन्स्पेक्टरने विचारलं.

"वट सावित्री का." आईने पदर सारखा केला. "सवेरे से है. बोली थी नहीं करूँगी. फिर सवेरे उठके कर लिया. क्या करूँ, आदत." आणि मग ती त्याच्याकडे वळली. माझी आई, जिला दिल्लीत भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही मी लागायचे. "आप आज सवेरे पेड़ के पास थे ना? औरतें आई थीं. साड़ी पहनके, थाली लेके. थाली में धागा था. आपने हाथ जोड़के वापस भेजा. आपको क्या लगा, वो किसलिए आई थीं?"

सब-इन्स्पेक्टरने मानेवरचा घाम पुसला. "मैंने तो सोचा..." तो कॉन्स्टेबलकडे बघत म्हणाला, "मैंने सोचा, पेड़ मर गया है, उसका मातम करने आई हैं. इनके यहाँ ऐसे करते होंगे." कॉन्स्टेबल दाराआड वळून हसायला लागला.

"नथ घालून कोण रडायला जातं हो?" आई मराठीतच म्हणाली, आणि ते त्याला बरोबर कळलं.

मला तिने धाडलं, मावशींना आणि बाकीच्या बायकांना घेऊन ये म्हणून. मी अशी पळाले की ऑटोवाल्याला वाटलं, कोणी दवाखान्यात आहे. अर्ध्या तासात सगळ्याजणी चौकीच्या अंगणात हजर, आणि ताटांसकट, कारण सकाळपासून ताटं तशीच राहिली होती. प्रत्येकीने सांगितलं, आज पौर्णिमा, आमची आज असते, आज सकाळपासून पोटात अन्न नाही. शेवटी मावशी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "साब, मैं तो क्रिश्चन हूँ, मेरा इसमें कुछ लेना-देना नहीं. लेकिन हर साल पूनम को इन सबके चप्पल मैं सँभालती हूँ." त्या साक्षीपुढे सब-इन्स्पेक्टरने हात टेकले. बाबांना म्हणाला, "पहले ही सच बोल देते, बड़े बाबू. शर्म किस बात की थी?" आणि त्यांचा जबाब नव्याने लिहून घेतला.

तपासाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर सगळे तेच विचारतात. काही झालं नाही. अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा नोंदला गेला, दोन-चारदा विचारपूस झाली, लाकडाच्या वखारी धुंडाळल्या, मग कॅमेरे दुसरीकडे गेले. हिवाळ्यापर्यंत त्याच वळणावर मोठं होर्डिंग उभं राहिलं, गुरुग्रामच्या फ्लॅटांची जाहिरात, जे वड असता तर कोणाला दिसलंच नसतं. कोणी काय समजायचं ते समजलं. सिद्ध काही झालं नाही. मला त्याचा अजूनही संताप येतो, आणि त्याच फ्लॅटांसारख्या एका फ्लॅटच्या चौदाव्या मजल्यावर बसून मी हे लिहिते आहे.

तर, त्या दुपारी. बाबांचा जबाब लिहून झाला आणि आम्ही निघणार, तेवढ्यात आई म्हणाली, "और डाली?"

"वो नहीं मिलेगी, मैडम. केस प्रॉपर्टी है. कोर्ट से ही छूटेगी."

"मेरी पूजा बाक़ी है."

"पेड़ के पास कर लीजिए."

"उधर आपने रस्सी बाँधी है," आई म्हणाली.

सब-इन्स्पेक्टरने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्या ताटं धरून उभ्या राहिलेल्या सगळ्या बायकांकडे. मग कपाळाला हात लावला आणि कॉन्स्टेबलला सांगितलं, बादली अंगणात ठेव, चिठ्ठी निघता कामा नये. अंगणाच्या मध्यभागी ती बादली, तिच्यात चिठ्ठी लटकवलेली फांदी. बायकांनी एकेक करून हळदकुंकू वाहिलं, आंबा ठेवला, सूत गुंडाळलं. ऊन रणरणत होतं. मावशी चपलांपाशी उभ्या. तक्रार नोंदवायला आलेला एक माणूस फाटकातच थबकला आणि चौकीच आहे ना, हे बघायला परत पाटी वाचून आला.

शेवटी आई उठली. एक फेरी अर्धी झाली आणि तिचा गुडघा वाकेनासा झाला. मी धरायला पुढे गेले. तिने मला हाताने बाजूला केलं, खुर्चीवर बसली, आणि सुताची गुंडी हातात धरून राहिली. ह्या वेळी मला सांगितलं नाही की तुझ्या बाबांना सांग म्हणून.

बाबा बाकावरून उठले. चप्पल काढली. आईच्या हातातून गुंडी घेतली, सुताचं एक टोक तिच्या बोटांत दिलं, आणि ते स्वतः फांदीभोवती फिरायला लागले. तापलेल्या फरशीवर पाय भराभर उचलत, बुशशर्टाचं बटण अजून चुकीच्या काजात. बायकांनी पदर तोंडाला लावले, काही हसू दाबत होत्या, काही डोळे पुसत होत्या. सब-इन्स्पेक्टर दारात उभा राहून बघत होता आणि त्याने टोपी काढली होती, उकाड्याने की कशाने कोण जाणे. मी मोजत होते. सातवी फेरी झाली तेव्हा बाबांना धाप लागली होती. ते आईसमोर येऊन उभे राहिले.

दीड महिन्यात पहिल्यांदा आई त्यांच्याशी थेट बोलली. "काय हो, झाला का विचार करून?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मंजूर," ते म्हणाले.